काट्याच्या खोलीतली काव

पिसुर्ल्याच्या वळणावर खाणीचा वजनकाटा आहे.
आहे म्हणजे होता. लोखंड भंगारात गेलं,
खोली तेवढी राहिली, जिच्यात बसून मी एकोणीस वर्षं
भरलेल्या ट्रकातून रिकामा ट्रक वजा केला.

शलाका गावस आली ती स्कूटरवर,
पुढ्यात शिंपल्यांचं पोतं; बेतीच्या खानावळींमागून उचललेल्या,
तिसऱ्यांच्या, वास मारणाऱ्या.
म्हणाली, काका, ही भिंत मला हवी.
काय करणार, विचारलं,
तर म्हणाली, अजून माहीत नाही.
बाहेर शिकून आलेलं माणूस असं बोलतं
ह्याचं मला जरा बरं वाटलं.

तिनं शिंपल्या भाजल्या, भिजवल्या, चुना केला.
डंपाची धूळ आईच्या जुन्या लुगड्यातून चाळली,
तीच धूळ, जी काजूच्या पानांवरून
आषाढातही उतरायची नाही.
वारुळाची माती मात्र एक चिमूटही घेतली नाही.
ती सातेरीची.

पहिला गिलावा तडकला.
दुसरा रात्रीत भिंत सोडून पायाशी येऊन बसला.
तिसऱ्यानंतर तिनं वहीत लिहिलं:
ही माती अजून कुणाला धरत नाही.

मग दिवाडीहून इनास मेस्त आला,
देवळाला आणि इगर्जीला एकाच थापीनं
चुना लावत आलेल्या घरातला.
नखावर घेऊन त्यानं चुना जिभेला लावला, थुंकला.
"चुनो कुसूंक जाय, बाय."
कुजायला हवा. गूळ घाल, पाणी घाल आणि विसर.
विसरणं तिला जमेना.
ती रोज झाकण उघडून बघायची,
मी रोज झाकण लावायचो.

एकवीस दिवसांनी खोलीला सुरेचा आंबूस वास.
खाली लाल थर, वर पांढरा,
आणि पांढरा ओला आहे तोवरच
सळईनं खरवडायचा, की आतलं लाल वर येतं.
चित्र काढायचं म्हणजे इथं
खरोखरच काढायचं.
म्हटलं, हे मला येतं. ही वजाबाकी.

बायका आल्या, पोरं आली.
द्रौपदी माजिकनं विहीर कोरली, आटायच्या आधीची,
पाण्याला तीन रेघा.
पणजीहून आलेल्या एका बाईंनी विचारलं,
ह्याला उपचार म्हणायचं का?
शलाका तळवे बघत म्हणाली,
हात भाजतात हो ह्यानं.

कुष्टाची बायको आली नाही.

कुष्टा पर्येकर. काट्यावर चौदा टन, पावतीवर दहा.
लिहिणारा मी.
काचेतून दोन बोटं कपाळाला लावून तो जायचा,
रोज, जसं काही मी त्याच्यावर उपकारच केले.
पुढं त्याच्या छातीत जी बसली
ती माती कुठल्याच पावतीवर नाही.

शेवटच्या संध्याकाळी हातभर कोपरा ओला उरला.
तिनं सळई माझ्यापुढं धरली.
मी म्हटलं, उद्या.
चुना थांबत नाही, म्हणाली.

माझं अक्षर चांगलं, सगळी खाण म्हणायची.
तरी एक वाकडा आला, चार त्याहून.
लाल.

चौदा काय, तिनं विचारलं नाही.
नदीतल्या गोट्यानं कडा घोटून दिल्या,
खाली पडलेला भुगा झाडला नाही,
कागदात धरून माझ्या हातावर ठेवला.
चिमूटभर असेल.

सवयीनं मी बाहेर काट्याकडे पाहिलं.
तिथं आता खड्डा. पाणी साचलंय,
एक बेडूक
डोळे तेवढे वर काढून.